ज्या चित्रात ‘काहीच’ दिसत नाही

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, बँकेची फेरी आणि मसाल्याची ऑर्डर यांवर पुष्कळ बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण एका चित्रकाराबद्दल बोलणार आहोत. त्यांचं नाव वासुदेव संतू गायतोंडे. घराणं मूळचं गोव्याचं, जन्म नागपूरचा, शिक्षण मुंबईचं. २००१ साली ते गेले. त्यानंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतल्या एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकलं गेलं. २०२१ मध्ये दुसरं एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं.

आता गंमत अशी, की या चित्रांत ना माणूस आहे, ना झाड, ना घर, ना देव. आहेत ते नुसते रंग, थरावर थर दिलेले, आणि त्यांत तरंगल्यासारख्या काही खुणा.

असं चित्र पेपरात किंवा टीव्हीवर दिसलं की आपल्यातल्या बहुतेकजणी दोनपैकी एक काहीतरी बोलतात. एक, “हे काय, आमचं पोरगंसुद्धा काढेल.” दुसरं, “जाऊ द्या, आपल्याला त्यातलं काय कळतंय!” पहिल्या बोलण्याचं आम्हाला काही वाटत नाही. निदान त्यात स्वतःचं मत तरी आहे. काळजी वाटते ती दुसऱ्याची. कारण “आपल्याला काय कळतंय” हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. ग्रामसभेत ऐकतो, बँकेच्या काउंटरवर ऐकतो, कर्जाच्या कागदावर सही करताना ऐकतो. म्हणून म्हटलं, जिथे चुकलं तरी काही बिघडत नाही अशा ठिकाणी हे वाक्य एकदा बाजूला ठेवून बघू. चित्राइतकी चांगली जागा त्यासाठी दुसरी नाही.

अमूर्त म्हणजे काय?

मूर्ती हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. जिला आकार आहे, जी ओळखता येते ती मूर्ती. असं ओळखीचं काही ज्या चित्रात नसतं, त्याला अमूर्त चित्र म्हणतात.

शब्द अवघड वाटला, तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शेणाने अंगण सारवताना हाताचे अर्धगोल एकापुढे एक उमटत जातात. सारवून झालं की आपण दारात उभं राहून बघतो आणि बरं वाटतं. ते कशाचं चित्र आहे असं कोणी विचारत नाही. इरकलीच्या दुकानात आपण काठ आणि पदर हातात घेऊन, रंग उजेडात नेऊन बघतो. हिरव्याशेजारी तांबडा उठून दिसतोय की दबतोय हे आपल्याला लगेच कळतं. गोधडी शिवताना जुन्या साडीचा कोणता तुकडा कुठे बसवायचा, हे बायका नुसत्या नजरेने ठरवतात. गाण्यातला आलाप घ्या. त्यात शब्द नसतात, अर्थ सांगता येत नाही, तरी जीव कसा भरून येतो.

रंगाकडे रंग म्हणून बघणं आपल्याला नवीन नाही. भिंतीवर चौकट आली, खाली मोठं नाव आलं, की मात्र आपण बिचकतो.

गायतोंडे यांना स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्दही फारसा पसंत नव्हता. झाड पाहिलं, मग त्याची पानं-फांद्या गाळत गेलो आणि शेवटी रंग उरला, असं त्यांचं काम नव्हतं. त्यांच्या चित्राची सुरुवातच वस्तूपासून होत नसे. आपल्या कामाला ते वस्तूशी संबंध नसलेलं, वस्तुनिरपेक्ष चित्र म्हणत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही. नाव दिलं की बघणारा नावातलंच शोधत बसतो.

जवसाच्या तेलातले रंग

गायतोंडे यांची मोठी चित्रं तेलरंगातली आहेत. हे तेल कोणतं? आपल्या चटणीतल्या जवसाचं, म्हणजेच अळशीचं. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटली की तेलरंग तयार होतो. शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब फरशीवर पडला तर तो दिवसेंदिवस तेलकटच राहतो. जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पक्का पापुद्रा बनतो. सुतार लाकडाला अळशीचं तेल लावतात ते याच गुणामुळे. आणि गंमत बघा, चित्रकार ज्या लिनन कापडावर रंगवतात ते कापडही जवसाच्याच जातीच्या झाडापासून, त्याच्या खोडातल्या धाग्यांपासून विणतात. सगळेच लिनन वापरत नाहीत, सुती कापडही चालतं. त्यावर आधी पांढरं अस्तर देतात आणि मग रंग चढवतात.

तेलरंगाला वेळ लागतो. पातळ थर वाळायला काही दिवस, जाड थराला त्याहून खूप जास्त. ओल्यावर घाईने दुसरा थर दिला तर रंग कालवले जातात, चिखल होतो. म्हणून तेलरंगात काम करणाऱ्याला थांबावंच लागतं. दही लागायला ठेवलं की आपण मधेमधे भांडं हलवत नाही, तसंच हे.

कोण होते गायतोंडे?

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा. वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. मुलाने चित्रकार व्हावं हे घरच्यांना रुचलेलं नव्हतं. तरी त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि १९४८ साली पदविका मिळवली.

तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. १९४७ मध्ये मुंबईत काही तरुण चित्रकारांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ नावाचा गट काढला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्यातले पहिले सहाजण. इंग्रजांनी शिकवलेली हुबेहूब चित्रं पुरे झाली, आता आपलं काहीतरी करू, हा त्यांचा विचार. १९५० मध्ये गायतोंडे या गटात आले. गट फार वर्षं टिकला नाही, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची वाट सापडली. एकेकट्याला जे बोलायचं धाडस होत नाही ते दहाजण मिळून बोलता येतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला गायतोंडे माणसांची चित्रं काढत. जुन्या जैन पोथ्यांतली लहान लहान चित्रं त्यांना आवडत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पॉल क्ले या चित्रकाराच्या कामाचाही त्यांनी अभ्यास केला. हळूहळू त्यांच्या चित्रांतली माणसं कमी होत गेली आणि रंग व रेषा उरल्या. १९५७ मध्ये टोकियोला आशियातल्या तरुण चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, तिथे त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. १९६४ मध्ये अमेरिकेतली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला राहून आले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली.

एवढा मान मिळालेल्या माणसाचं घर मोठं असेल असं आपल्याला वाटतं. पण १९७२ च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या एका खोलीत राहू लागले. तीच राहायची जागा, तीच कामाची. लग्न केलं नाही. घरच्यांशी संबंध जवळजवळ तुटले. प्रदर्शनं, सत्कार, मुलाखती यांपासून ते लांबच राहत. झेन नावाच्या बौद्ध विचारात त्यांना गोडी होती. मुंबईत खेतवाडीला विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीचाही त्यांच्यावर प्रभाव होता. आपलं चित्र शांततेतून सुरू होतं, असं ते सांगत.

वर्षाला पाच-सहा चित्रं

आता त्यांच्या कामाची रीत बघू. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा मोठी चित्रं पूर्ण करत. बाकीचा वेळ ते काय करत? खूप वेळ बघत बसत. रिकाम्या कॅनव्हासकडे, वाळत असलेल्या थराकडे. मनात काही ठरलं की मग काम.

कामालाही ते नुसता कुंचला वापरत नसत. रूळ फिरवून रंग पसरवत. पातळ लवचीक सुरीने रंग लावत आणि खरवडून काढत. फाडलेल्या कागदाचे तुकडे रंगासह कॅनव्हासवर ठेवून उचलत. कागद निघाला की त्याच्या कडेची खूण मागे राहते. ठसा उमटवण्यासारखंच ते. मग वर पुन्हा पातळ रंगाचा थर. खालचा थर पुसट व्हायचा, पण पूर्ण नाहीसा व्हायचा नाही.

असं चित्र जवळून पाहिलं की आतून उजेड येतोय असं वाटतं. त्याचं कारण साधं आहे. पातळ तेलरंग काचेसारखा थोडा आरपार असतो. उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि सगळ्या थरांतून गाळून परत येतो. विहिरीच्या नितळ पाण्यात तळाचा दगड जसा हलका हलका दिसतो, तशा तिथे खालच्या खुणा दिसतात.

“पोरगंसुद्धा काढेल” याचं उत्तर इथे मिळतं. पोरगं रंग फासेल, छानही फासेल. पण कुठला थर वाळू द्यायचा, कुठला खरवडायचा, आणि कुठे हात थांबवायचा, हे त्याला ठरवता येणार नाही. लोणच्याचं साहित्य सगळ्यांकडे तेच असतं. मीठ कधी पुरेसं झालं हे मुरलेल्या हातालाच कळतं.

१९८४ साली दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात ते जबर जखमी झाले. नंतरची काही वर्षं मोठ्या कॅनव्हासवर काम करणं जमलं नाही. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने चित्रं काढली. पुढे ते तेलरंगाकडे परतले. शेवटच्या काळात अंगात ताकद उरली नाही, तेव्हा चित्रं आता माझ्या मनात आहेत, अशा अर्थाचं ते बोलत.

कोटी रुपये कोणाचे?

हिशोबाची वही आपल्या अंगवळणी पडलेली आहे, म्हणून पैशांचंही बोलू. २३ कोटी ७० लाख रुपये गायतोंडे यांना मिळाले का? नाही. ते तर बारा वर्षांपूर्वीच गेले होते. चित्र ज्याच्या मालकीचं होतं त्याला पैसे मिळाले, आणि लिलाव करणाऱ्या कंपनीला तिचं शुल्क. चित्रकाराने चित्र पहिल्यांदा विकलं, तेव्हा जी रक्कम मिळाली तीच त्याची कमाई.

मग भाव एवढा का चढला? एक तर चित्रं मुळात थोडी, आणि आता नवीन होणार नाहीत. दुसरं, जगभरात नाव झालं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिसरं, पैसेवाल्यांची एकमेकांशी चढाओढ. म्हणून किंमत बघून चित्र चांगलं की वाईट हे ठरवू नका. चाळीस कोटींचं चित्र तुम्हाला आवडलं नाही तरी काही हरकत नाही. फक्त न बघता नाही म्हणू नका, एवढंच आमचं म्हणणं.

यातून आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट आहे. गायतोंडे चित्राच्या मागच्या बाजूला सही करत, अनेकदा देवनागरीत, आणि साल लिहीत. आपल्या गटांतल्या ज्या बहिणी वारली किंवा दुसरी कोणती चित्रं काढून विकतात, त्यांनी हे जरूर करावं. चित्रामागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. विक्रीची पावती जपावी. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे, की मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो. प्रत्यक्षात तो मिळवणं सोपं नाही. पण चित्रावर नावच नसेल तर मागणार तरी कोण?

आणि बाई असती तर?

इथवर ऐकून एखादी ताई मनात म्हणेल, ‘त्यांचं बरं होतं. दार लावून बसले. आम्ही दार लावलं तर घरात स्वयंपाक कोण करणार?’

प्रश्न अगदी खरा आहे. तासन्‌तास नुसतं बघत बसलेल्या पुरुषाला लोक विचारवंत म्हणतात, बाईला आळशी म्हणतात. थांबणं हा कामाचाच भाग असतो, हे बाईच्या बाबतीत कोणी धरतच नाही. म्हणून गायतोंडे यांच्या सोबतीच्या एका बाईची गोष्टही सांगायला हवी.

त्यांचं नाव नसरीन मोहमदी. जन्म १९३७ चा, कराचीचा. वाढल्या मुंबईत. लंडन आणि पॅरिसला शिकून आल्या. मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाटकवाले, गाणारे यांना कामाला जागा मिळत असे. गायतोंडे तिथे काम करत, नसरीनही. गायतोंडे त्यांना वडीलधारे. पण नसरीन यांनी त्यांची नक्कल केली नाही. सुरुवातीचे रंग सोडून त्या शाई आणि पेन्सिलकडे वळल्या आणि कागदावर बारीक सरळ रेषा ओढू लागल्या. रंगसुद्धा नाही, नुसत्या रेषा. १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी शिकवलं, म्हणजे नोकरी सांभाळून काम केलं. पुढे मज्जातंतूंचा आजार जडला, हालचालींवरचा ताबा सुटू लागला. अशा शरीराने त्या केसाएवढ्या बारीक रेषा ओढत राहिल्या. १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत नसरीन यांचं काम होतं.

दोघांचंही आयुष्य सोपं नव्हतं आणि तसंच जगा असं आम्ही कोणालाही सांगणार नाही. घराशी नातं तोडल्याशिवाय कला येत नाही, हेही खरं नाही. पण तुमच्या घरातली एखादी लेक वहीच्या मागच्या पानांवर रंग भरत बसत असेल, तर ‘याने पोट भरतं का’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नका. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात, त्यांची चौकशी करा. आणि तिने काही दाखवलं तर ‘हे काय काढलंस’ असं विचारण्याआधी अर्धा मिनिट बघा. मग विचारा, ‘हा रंग इथे का घेतलास?’ बघा ती किती बोलते.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. एखादी जुनी गोधडी मधे पसरा, किंवा पावसाने ओघळ आलेल्या भिंतीसमोर बसा. तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. घड्याळ लावा, कारण तीन मिनिटं फार मोठी वाटतात. मग एकेकीने एकच गोष्ट सांगायची. डोळा आधी कुठे गेला? कोणता रंग जड वाटला, कोणता हलका? काय आठवलं? एकच नियम. ‘हे कशाचं आहे’ असं विचारायचं नाही आणि कोणीही ‘मला काही कळत नाही’ म्हणायचं नाही. सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईला आधी बोलू द्या.

महालक्ष्मी सरसच्या विक्रीसाठी मुंबईला जाणाऱ्या ताईंनी तासभर काढून काळाघोड्याला जावं. जहांगीर कलादालनात चित्रं फुकट बघता येतात. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथे तिकीट लागतं. दोन्हीकडच्या संग्रहांत गायतोंडे आहेत. ते त्या दिवशी भिंतीवर असतीलच असं नाही, म्हणून दारावर विचारा. विचारायला लाजू नका. ते संग्रहालय तुमचंही आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. चित्रासमोर ज्याला जे वाटेल ते खरं. कर्जाच्या कागदासमोर तसं चालत नाही. तिथे व्याजाचा आकडा, मुदत, दंड हे नेमकं समजूनच घ्यायला हवं. पण दोन्हीकडे सुरुवात एकच आहे. मान वर करायची, नीट बघायचं, वेळ घ्यायचा, आणि जे दिसलं नाही ते विचारायचं.

तुमच्या गटात काय काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.